पाटीवरचं युद्ध आणि पत्र्यावरचं साल: नाशिकच्या एका मिग-२१ ची डागडुजी

पार्श्वभूमी

नाशिककराला मिग-२१ या लढाऊ विमानाची ओळख करून द्यावी लागत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यानं निघालं की गावाचं नावच 'ओझर मिग'. १९६४ मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची वाटणी झाली. तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी 'एचएएलला', म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या कारखान्यात, होतं. त्यामुळे शहरालगतच्या एका शाळेच्या मैदानात मिग-२१ उभं असणं यात कुणाला नवल वाटत नव्हतं. नवल वाटत नसल्यामुळेच त्याच्याकडे कुणी नीट पाहतही नव्हतं.

हे विमान 'एफएल' म्हणजे 'टाइप ७७' प्रकारचं. ओळखायची सोपी खूण म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण पुढच्या बाजूला उघडतं. पुढच्या मिगांचं ते कडेला उघडतं. या प्रकाराला हवाई दलानं डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंडा इथे निरोप दिला. आमचं विमान त्याच्याही आधी सेवेतून निघून शाळेत आलं होतं. तीन बुटक्या सिमेंटच्या ओट्यांवर त्याची तीन चाकं, समोर काळ्या दगडाची पाटी आणि तिच्यावर सोनेरी अक्षरं: '१९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवलेले लढाऊ विमान'.

जानेवारी २०२४ मध्ये शाळेच्या मुख्याध्यापिकांनी काही माजी पालकांना बोलावलं. पंखाखालून कसलं तरी पाणी गळत होतं आणि मुलं तिथेच डबे खायला बसत. पहिल्या रविवारी आम्ही नऊ जण जमलो. ओझरहून निवृत्त झालेले तिघे: एक रिव्हेटर (विमानाचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडणारा), एक पेंटर आणि एक इन्स्पेक्टर. अंबडला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करणारे आम्ही दोघे, भौतिकशास्त्राच्या एक प्राध्यापिका आणि आयटीआयची तीन पोरं. रिव्हेटरना सगळे आबा म्हणत. वय चौऱ्याहत्तर, एका कानानं ऐकू कमी, आणि तो कान रिव्हेट गननं खाल्ला हे ते जरा अभिमानानंच सांगत. नोंदवही माझ्याकडे होती. हे टिपण त्या वहीवरूनच लिहिलंय. माणसांची आणि शाळेची ओळख मुद्दाम दिलेली नाही.

अडचण नेमकी कुठे होती

लांबून विमान चकाचक दिसायचं. दर दोन-चार वर्षांनी, पंधरा ऑगस्टच्या तोंडावर, शाळा त्याला ऑइलपेंटचा हात मारून घ्यायची. जवळ गेल्यावर रंगाला फोड दिसले. आबांनी एका फोडावर अंगठा दाबला, रंग पापडासारखा मोडला आणि खालून पांढरी भुकटी सांडली. ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो, पांढरा असतो, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

पाण्याचं कारण शोधायला अर्धा दिवस गेला. विमानाच्या पोटाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. प्रत्येक नव्या रंगानं ती थोडी थोडी बुजवली होती. इन्स्पेक्टरकाकांनी वाकून एका भोकात तार घातली आणि गरकन फिरवली. आधी काहीच झालं नाही. मग चहाच्या रंगाची धार लागली ती थांबेचना. मी घड्याळ लावलं होतं, वीस मिनिटं वाहत होती. शेवटी कबुतराची पिसं आणि काडीकचरा आला. कबुतरं पुढच्या हवेच्या तोंडातून आत जात होती, मागच्या नळीत आग्या मोहोळ होतं, आणि मधल्या भागात कित्येक पावसाळ्यांचं पाणी साठून राहिलं होतं.

त्यात भर म्हणजे हरवलेल्या स्क्रूंच्या जागी कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातले साधे लोखंडी स्क्रू ठोकलेले. ॲल्युमिनियमला लोखंड चिकटून, मध्ये पाणी, म्हणजे आयती बॅटरीच. अशा जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. प्रत्येक लोखंडी स्क्रूभोवती रुपयाएवढा पत्रा खाल्लेला होता.

हे झालं दिसणारं. न दिसणारं त्याहून गंभीर होतं. संकटाच्या वेळी वैमानिकाची खुर्ची स्फोटक काडतुसांवर बाहेर फेकली जाते. ती काडतुसं काढलीत याचा एकही कागद शाळेकडे नव्हता. त्या काळच्या कॉकपिटमधल्या घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रंग असे, आणि त्यात अनेकदा किरणोत्सर्गी रेडियम. चमक काही वर्षांत मरते, पण रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं, म्हणजे काटा काळा पडला म्हणून तो निरुपद्रवी झाला असं नाही. आतला पिवळट-हिरवा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, क्रोमेटचा (क्रोमियमच्या विषारी संयुगाचा). तो घासून उडालेली धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगाला आमंत्रण.

समोर आलेले पर्याय

विश्वस्तांचं म्हणणं सरळ होतं: एका कंत्राटदाराकडून पंधरा दिवसांत घासून-रंगवून घ्या आणि मोकळे व्हा. खर्च कमी, कटकट नाही. पण फोडांखालचा गंज तसाच राहिला असता आणि पाण्याची भोकं आणखी एका थरानं बुजली असती.

दुसरा पर्याय आमच्यातल्याच तरुणांना आवडलेला. सँडब्लास्टिंग करून सगळा रंग उडवायचा आणि धातूला आरशासारखं पॉलिश करायचं. १९७१ च्या आधीची मिग-२१ विमानं अशीच उघड्या धातूची, चकचकीत होती, त्यामुळे हे इतिहासाला धरूनही वाटत होतं. आबांनी दोन वाक्यांत विषय संपवला. "वाळू मारलीत तर पत्रा ताणला जाईल, मग रिव्हेटांच्या ओळी लाटेसारख्या दिसतील. आणि बफ मारलात तर वरची साय निघून जाईल."

साय म्हणजे काय, ते आम्हा लोखंडवाल्यांना तेव्हा कळलं. विमानाचा पत्रा तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा, म्हणजे ड्युरॅल्युमिनचा. ताकद भरपूर, पण गंजायला हळवा. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा केसाएवढा थर लाटून बसवतात. गंज अडवतो तो हा थर. पॉलिशनं चमक येते ती नेमका तोच थर खाऊन. दोन वर्षं विमान झळकलं असतं आणि मग आधीच्या दुप्पट वेगानं सडलं असतं.

तिसरा पर्याय रविवारी-रविवारी, हातानं, पॅनेलमागून पॅनेल. वेळ किती लागेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. प्राध्यापिकाबाईंनी चौथा पर्यायही मांडला आणि तो मला आजही विचार करण्यासारखा वाटतो: फक्त पाणी काढा, भोकं मोकळी करा, वर शेड घाला आणि बाकी हात लावू नका. शेडचा खर्च शाळेला झेपण्यासारखा नव्हता म्हणून तो मागे पडला. तो चुकीचा होता असं कुणीच म्हणालं नाही.

तिसऱ्यावर एकमत झालं. नियम एकच ठरला, आधी नुकसान थांबवायचं आणि देखणेपणाचं मग बघू. विमान उडवायचा विषय कुणाच्या डोक्यात नव्हता, हे मुद्दाम लिहितो, कारण येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा तेच विचारायचा.

काय केलं, आणि कुठे चुकलो

पहिले काही रविवार पाना हातात घ्यायचाच नाही असं ठरलं होतं. शाळेनं हवाई दलाला पत्र लिहिलं. तिथून तंत्रज्ञ येऊन खुर्ची तपासून गेले, काडतुसं नव्हती. तेव्हा कुठे कॉकपिटजवळ शिडी लागली. प्राध्यापिकाबाईंनी कॉलेजातून किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर आणला. दोन घड्याळांपाशी त्याची टकटक एकदम वाढली. त्यांच्या काचा शाबूत होत्या, म्हणून काहीही न उघडता कॉकपिट बंद करायचं आणि मुलांना आत बसू द्यायचं नाही हा निर्णय झाला. सगळ्यांत नावडता निर्णय हाच होता. 'विमानात बसायला मिळणार' या एका वाक्यावर निम्मी वर्गणी गोळा झालेली होती.

पहिली चूक मात्र त्याच महिन्यातली. खुर्ची आणि रेडियमची एवढी काळजी घेणारे आम्ही, क्रोमेटच्या बाबतीत गाफील राहिलो. दोन रविवार पोरं साधा रुमाल बांधून कोरडं सँडिंग करत होती. तिसऱ्या रविवारी पेंटरकाका उशिरा आले, पिवळी धूळ बघून लांबूनच ओरडले, "अरे, थांबवा ते! पाणी मारा आधी!" त्यानंतर ओलं सँडिंग, चांगले मास्क, आणि गाळ वेगळा गोळा करून तशा कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्यांकडे देणं सुरू झालं. धोका माहीत असलेला माणूस गटात होता. त्याला आम्ही वेळेवर विचारलं नाही.

दुसरी चूक माझी. शेपटीचा रंग चिवट होता म्हणून मी ड्रिलला स्टीलचा तारेचा ब्रश लावला. काम झरझर झालं, स्वतःवर खूशही झालो. जुलैचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि पुढच्या रविवारी शेपटीवर तपकिरी ठिपके, जणू कुणी मिसळीची तर्री शिंपडली होती. ब्रशच्या तारांचे कण मऊ धातूत रुतून गंजले होते, आणि प्रत्येक कणाखाली खड्डा पडायला सुरुवात झाली होती. ते निस्तरायला सहा रविवार गेले, प्लास्टिकच्या खरवडण्या आणि नायलॉनचे पॅड घेऊन. आबा काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या वेळी घरून दोन जुने टूथब्रश आणून माझ्या हातात ठेवले.

एका प्रसंगात मात्र चूक कुणाची नव्हती, शिकायला मिळालं ते वेगळंच. पंखाच्या मुळाशी एक गोलाईचं झाकण सडून गेलं होतं. तसा आकार हातानं ठोकून काढणारा माणूस नाशिकमध्ये शोधायला लांब जावं लागत नाही. तांबट गल्लीतले एक कारागीर तयार झाले. त्यांनी सवयीप्रमाणे पत्रा चांगला तापवला, पाण्यात विझवला आणि ठोकायला घेतला. मऊ, छान वळत होता. निम्मं झाल्यावर म्हणाले, "उरलेलं उद्या." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "अहो, काल लोणी होतं, आज दगड झालाय. पत्रा बदलला का कुणी?"

पत्रा तोच होता. तांबं तापवून विझवलं की मऊच राहतं. ड्युरॅल्युमिन विझवल्यावर काही तासांतच आपोआप कडक व्हायला लागतं आणि तीन-चार दिवस कडक होत जातं. ओझरला हे आबांच्या रोजच्या कामातलं. आबा त्यांच्या दुकानात जाऊन बसले, पुढचा तुकडा तापवून न विझवता सावकाश निवू दिला आणि दोघांनी मिळून झाकण पुरं केलं. त्या दुकानातल्या गप्पांची एकही ओळ वहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रायमर क्रोमेट नसलेला, इपॉक्सीचा लावला. लोखंडी स्क्रू सगळे काढले, नवे बसवताना दोन धातूंच्या मध्ये सीलंट घातलं. हवेच्या तोंडाला आणि मागच्या नळीला आतून जाळी बसवली. मधमाश्या घालवायला रात्री येणारा माणूस बोलावला, ते पोळं त्यानं न जाळता हलवलं.

पाटीचा प्रश्न

सप्टेंबरात पुढच्या चाकाच्या खणात पेंटरकाका थिनरचा बोळा फिरवत होते. रंगाच्या थरांखालून एक छोटी पट्टी वर आली. तिच्यावर प्रकार, अनुक्रमांक आणि साल. साल ७२.

१९७१ चं युद्ध १६ डिसेंबरला संपलं. १९७२ मध्ये बांधलेलं विमान त्यात असूच शकत नाही.

आबांनी चष्मा वर करून पट्टी परत परत वाचली. "बहात्तर? म्हणजे मी होतो शॉपमध्ये." शॉप म्हणजे ओझरच्या कारखान्यातला कामाचा विभाग. एवढंच बोलले आणि पंखाखाली जाऊन रिव्हेटांच्या ओळीवरून बोट फिरवायला लागले.

इन्स्पेक्टरकाकांनी लगेच ब्रेक लावला. त्यांचं म्हणणं असं की पट्टी एकाच भागावर आहे, आणि भाग बदलले जातात. ओव्हरहॉलमध्ये, म्हणजे विमान पूर्ण खोलून दुरुस्त करताना, एका विमानाचा पंख दुसऱ्याला लागतो. एका पट्टीवरून विमानाचं वय ठरवायचं नाही. हा सल्ला मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. नंतरचे तीन रविवार सांगाड्याच्या दुसऱ्या खणांत शोधण्यात गेले. आणखी दोन ठिकाणी तोच अनुक्रमांक ठोकलेला मिळाला, तोही मूळ सांगाड्याच्या भागांवर. मग काका म्हणाले, "आता लिहा."

विश्वस्तांसमोर हे ठेवलं तेव्हा वातावरण तापलं. त्यांची अडचण खोटी नव्हती. देणगीदारांना 'युद्धात लढलेलं विमान' असं सांगून पैसे मागितले होते. त्यांच्या मनात १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, हिरव्या-तपकिरी युद्धरंगात विमानाचं अनावरण करायचं होतं. १९७१ मध्ये मिगांना घाईघाईत तसे पट्टे मारले होते हे खरंच आहे. याच प्रकारच्या विमानांनी १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं डागली आणि त्याच्या दोन दिवस आधी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं स्टारफायटर हे लढाऊ विमान पाडलं, हेही खरं. "मग आपण थोडं सैल बोललो तर काय बिघडलं?" असा त्यांचा प्रश्न होता.

मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "इतिहासाच्या तासाला मी मुलांना पुरावा मागते. फाटकात ही पाटी ठेवून कसा मागू?"

समोर तीन वाटा होत्या. पाटी तशीच ठेवायची, ती गुपचूप काढायची, किंवा बदलून उघडपणे सांगायचं. दुसरी वाट आमच्यातल्या बऱ्याच जणांना सोयीची वाटत होती, मलाही. निर्णय फिरला तो आबांमुळे. सभेत ते सहसा बोलत नसत. म्हणाले, "साहेब, युद्धात गेलं नाही हा काही विमानाचा गुन्हा नाही. नाशिकच्या पोरांनी बांधलंय, ते तरी लिहा."

निष्पत्ती

१६ डिसेंबर २०२४ ला विमान पूर्ण झालेलं नव्हतं. प्रायमर नीट वाळल्याशिवाय वरचा रंग मारायचा नाही यावर पेंटरकाका अडून बसले आणि या वेळी आम्ही त्यांचं ऐकलं. कार्यक्रम झाला तो फिकट राखाडी, अर्ध्या पॅनेल उघड्या असलेल्या विमानासमोर. मुलांना आतल्या फासळ्या, नळ्या आणि तो जुना पिवळट-हिरवा रंग दोरीपलीकडून दाखवता आला. ओझरहून आलेल्या निवृत्तांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी विमानं अशीच पाहिली होती, उघडी. रंगवलेलं विमान त्यांच्या हातातून गेलेलं असायचं.

मार्च २०२५ मध्ये रंग पुरा झाला. खरवडताना हिरवा-तपकिरी थर कुठेच सापडला नव्हता, म्हणून युद्धरंग दिला नाही. पॉलिशऐवजी ॲल्युमिनियमच्या छटेचा रंग दिला. शेपटीजवळ हातभर चौकट मुद्दाम न रंगवता पारदर्शक लेपाखाली ठेवली आहे, तिच्यात शाळेनं मारलेले सगळे थर एकाखाली एक दिसतात.

नवी पाटी अशी आहे: 'मिग-२१ एफएल. या प्रकारची विमाने १९७१ च्या युद्धात लढली. हे विमान १९७२ मध्ये ओझर, नाशिक येथे बांधले गेले.' एका देणगीदारानं कबूल केलेली उरलेली रक्कम दिली नाही. त्यांच्यावर राग नाही, त्यांना आम्हीच चुकीचं सांगितलं होतं. जुना दगड स्टोअररूममध्ये आहे, इतिहासाच्या बाई तो कधीकधी वर्गात मागवतात, दोन शिपाई लागतात उचलायला.

पुन्हा करायचं झालं तर

अनुक्रमांक आणि साल पहिल्या महिन्यात शोधू, वर्गणीची पावती छापायच्या आधी. पाटीवर विश्वास ठेवूनच सगळी सुरुवात झाली, आणि ती पाटी कुणी, कशाच्या आधारे लिहिली हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

विमानातल्या घातक वस्तूंची यादी आम्ही केली होती, पण हे काम करणाऱ्याला कशाचा धोका आहे, अशी यादी केली नव्हती. क्रोमेट त्या फटीतून निसटलं. आज कुणी असं काम सुरू करत असेल तर पहिल्या रविवारी सगळ्यात वयस्कर पेंटरला हजर ठेवावं, नसेल तर चहा पिऊन घरी जावं.

शेडचा प्रश्न तसाच आहे. नाशिकच्या पावसात उघड्यावर उभं विमान कितीही निगुतीनं रंगवलं तरी पाच-सात वर्षांनी पुन्हा तिथेच येणार. शेडसाठी आधी पैसे जमवले असते आणि रंग नंतर दिला असता, तर निम्मं काम वाचलं असतं असं मला वाटतं. इन्स्पेक्टरकाकांना हे पटत नाही. त्यांच्या मते रंगलेलं विमान दिसल्याशिवाय शेडला कुणी रुपया देणार नाही. या वादाचा निकाल लागलेला नाही.

आणि गप्पा रेकॉर्ड करू. आबा शॉपमधलं जे सांगत ते फोनवर टिपून घ्यायचं रोज ठरायचं आणि रोज हात प्रायमरनं माखलेले असायचे.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा अखेरचा निरोप झाला. शाळेनं हॉलमध्ये टीव्ही लावला होता. आबा थोडा वेळ बसले, मग उठून बाहेर आले. पाऊस नुकताच थांबला होता. मी वही उघडली, कारण पाऊस थांबला की भोकं तपासायची असतात. ते पोटाखाली वाकले आणि एकेक क्रमांक सांगत गेले. त्या दिवसाची नोंद आहे: 'ड्रेन १ मोकळं. २ मोकळं. ३ कबुतराचं पीस, काढलं. जाळी डावीकडून सैल, रविवारी बघणे.'